मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांसाठी शिष्यवृत्त्या आणि पारितोषिके : वडोदऱ्यातून एक विचारणा

सुरसागर (वडोदरा)

सर्वांना नमस्कार. माझी मुलगी यंदा गुजरात बोर्डाची बारावी कला शाखेतून उत्तीर्ण झाली असून तिने महाराजा सयाजीराव विद्यापीठात मानसशास्त्र हा मुख्य विषय घेऊन पदवीच्या पहिल्या वर्षाला प्रवेश घेतला आहे. तिच्या गुणपत्रिकेवर पर्सेंटाइल रँक ९१ असा छापलेला आहे, म्हणजे ९१ टक्के गुण नव्हेत, तर सुमारे ९१ टक्के विद्यार्थी तिच्या मागे आहेत. यजमान मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत एका खासगी कारखान्यात नोकरी करतात, मी घरी शिवणकाम करते, आणि दोघांचे मिळून वर्षाचे उत्पन्न पावणेचार लाखांच्या आसपास जाते. आमच्याकडेच राहून शिकणारा माझा भाचा यंदा मानसशास्त्रातच एमएच्या पहिल्या वर्षाला आहे. पुढे रुग्णालयात क्लिनिकल काम, म्हणजे मानसिक विकार असलेल्यांची तपासणी आणि उपचार, करायचे की संशोधनाकडे वळायचे, हे त्याचे अजून नक्की ठरलेले नाही.

नातेवाइकांकडे चौकशी केली तर सगळे एकच सांगतात, की अभियांत्रिकी किंवा वैद्यकीय शाखा घेतली असती तर काही मिळाले असते, मानसशास्त्राला कोण विचारतो. इंटरनेटवर शोधले तर याद्या पुष्कळ सापडतात, पण रकमा डॉलरमध्ये आणि अटी परदेशी विद्यापीठांच्या. मला फीपेक्षा पुस्तके, जाण्यायेण्याचा खर्च आणि पुढच्या वर्षांत लागणारे प्रात्यक्षिकांचे साहित्य यांची काळजी अधिक आहे. मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांना खरोखर मिळू शकतील अशा शिष्यवृत्त्या कोणत्या, त्यांतल्या कोणत्या एकत्र घेता येतात, आणि पैशांखेरीज पुढे उपयोगी पडतील अशी काही पारितोषिके असतात का, हे जाणकारांनी सांगावे, अशी विनंती आहे.


निवृत्त लेखनिक (वडोदरा)

ताई, मी बरीच वर्षे एका महाविद्यालयाच्या कार्यालयात शिष्यवृत्तीचे टेबल सांभाळले आहे, त्यामुळे मुलीपुरते सविस्तर लिहितो. भाच्याविषयी इथले संशोधक विद्यार्थी अधिक नेमके सांगतील.

पदवीच्या पातळीवर ‘मानसशास्त्राची शिष्यवृत्ती’ शोधत बसलात तर हाती काही लागणार नाही आणि नातेवाइकांचे म्हणणे खरे वाटू लागेल. प्रत्यक्षात पदवीच्या मोठ्या सरकारी योजना विषय पाहतच नाहीत. त्या बारावीचे गुण, घरचे उत्पन्न, प्रवर्ग आणि अभ्यासक्रम नियमित आहे की नाही, एवढेच पाहतात. उलट ज्या योजनांना विषयाची अट आहे, तिथे मानसशास्त्र बाहेर राहते. केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाची इन्स्पायर शिष्यवृत्ती वर्षाला ८०,००० रुपयांची आहे, पण ती मूलभूत आणि नैसर्गिक विज्ञानांच्या ठरलेल्या विषयांसाठी आहे. त्या यादीत मानववंशशास्त्र आहे, मानसशास्त्र नाही. मानसशास्त्रात बीएस्सी करणारी मुलेही दर वर्षी या आशेवर अर्ज भरतात आणि मोलाचे दिवस घालवतात, म्हणून हे आधीच सांगितले.

आपल्या मुलीसाठी पहिली योजना म्हणजे केंद्र सरकारची महाविद्यालयीन व विद्यापीठीय विद्यार्थ्यांसाठीची केंद्रीय शिष्यवृत्ती, जी आता पीएम-यूएसपी (प्रधानमंत्री उच्चतर शिक्षा प्रोत्साहन) या नावाखाली येते आणि जिचा अर्ज राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर भरावा लागतो. बारावीला आपल्या बोर्डात ८० पर्सेंटाइलच्या वर असणे आणि कुटुंबाचे उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असणे या तिच्या मुख्य अटी आहेत, आणि आपली मुलगी त्या दोन्हींत बसते. पदवीच्या तिन्ही वर्षांना दर वर्षी १२,००० आणि पुढे एमएला गेल्यास वर्षाला २०,००० रुपये मिळतात. देशभरात दर वर्षी ८२,००० नव्या शिष्यवृत्त्या दिल्या जातात, त्या बोर्डांमध्ये वाटल्या जातात, त्यांतल्या निम्म्या मुलींसाठी असतात, आणि विज्ञान, वाणिज्य व कला या शाखांमध्ये त्यांचे प्रमाण ३ : २ : १ असे असते. कला शाखेचा वाटा एक षष्ठांशच आहे हे खरे, परंतु मुलीची स्पर्धा कला शाखेतल्या मुलींशीच होते, विज्ञानाच्या विद्यार्थ्यांशी नाही, हे लक्षात घेतले तर ९१ पर्सेंटाइलवर अर्ज न भरणे हे मोठे नुकसान ठरेल. हा अर्ज बारावी उत्तीर्ण झालेल्या वर्षीच भरायचा असतो. पुढच्या वर्षी नव्याने भरता येत नाही, फक्त नूतनीकरण करता येते, आणि त्यासाठी ५० टक्के गुण व ७५ टक्के हजेरी लागते. गेल्या काही वर्षांत मुदत साधारणपणे ऑक्टोबरअखेर राहिली आहे.

दुसरी म्हणजे गुजरात सरकारची मुख्यमंत्री युवा स्वावलंबन योजना, जिला सगळे एमवायएसवाय म्हणतात. तिच्यासाठीही ८० पर्सेंटाइल लागते, मात्र उत्पन्नाची मर्यादा सहा लाख आहे. बीए, बीकॉम, बीएस्सी यांसारख्या अभ्यासक्रमांना तिच्यातून शिक्षण शुल्काच्या निम्मी रक्कम किंवा १०,००० रुपये, यांत जे कमी असेल ते मिळते. इथे शांतपणे हिशेब करावा, कारण केंद्राची शिष्यवृत्ती आणि ही मदत एकाच वेळी घेता येत नाही. ज्यांचे शुल्क मुळातच थोडे आहे, त्यांच्या पदरी एमवायएसवायचे दोन-तीन हजारच पडतात, तर केंद्राची रक्कम शुल्क कितीही असले तरी १२,००० च राहते आणि ती पुस्तकांना, बसच्या पासाला, कशालाही वापरता येते. खासगी महाविद्यालयात भरमसाट शुल्क भरणाऱ्यांनाही एमवायएसवायचे १०,००० हेच कमाल आहेत. वसतिगृहात राहणाऱ्यांना त्या योजनेतून वेगळी मदत मिळते, म्हणून बाहेरगावाहून आलेल्या मुलांचा हिशेब निराळा असू शकतो. आपल्या बाबतीत मला केंद्राची शिष्यवृत्तीच उजवी वाटते.

खासगी क्षेत्रात रिलायन्स फाउंडेशनची पदवी शिष्यवृत्ती कोणत्याही शाखेच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांसाठी खुली आहे. बारावीला ६० टक्के आणि उत्पन्न १५ लाखांच्या आत एवढे पुरते, पण एक ऑनलाइन अभियोग्यता चाचणी द्यावी लागते आणि ती दिली नाही तर अर्ज बाद होतो. वर्षाला ५,००० विद्यार्थी निवडतात आणि संपूर्ण पदवीकाळात मिळून दोन लाखांपर्यंत मदत मिळू शकते. त्याच संस्थेची पदव्युत्तर शिष्यवृत्ती मात्र तंत्रज्ञान आणि जीवशास्त्राशी संबंधित ठरावीक क्षेत्रांसाठी आहे, तेव्हा भाच्याने तिच्यामागे लागू नये.

आता कागदपत्रांविषयी, कारण माझ्या टेबलावर आलेले जे अर्ज मागे गेले, त्यांतले पुष्कळसे गुणांमुळे नव्हे, तर कागदांमुळे गेले. गुजरात बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी येते, आधारवर बहुधा शेवटी येते, आणि मराठी आडनावांचे इंग्रजी स्पेलिंग इथल्या कचेऱ्यांत हमखास बदलते. ‘जाधव’मधला ‘एच’ एका कागदावर असतो आणि दुसऱ्यावर नसतो. अर्ज भरण्यापूर्वी गुणपत्रिका, आधार आणि बँकेचे पासबुक शेजारी-शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर ताडून पाहा, आणि फरक असेल तर आधी आधार दुरुस्त करून घ्या. उत्पन्नाचा दाखला जेल रोडवरच्या नर्मदा भवनातल्या जनसेवा केंद्रातून काढता येतो. त्यासाठी यजमानांचे वेतनपत्रक आणि आपल्या शिवणकामाच्या कमाईचे स्वघोषणापत्र जवळ ठेवा, आणि ती कमाई लपवू नका. बँकेच्या बाबतीत, खात्याला आधार क्रमांक नुसता जोडलेला असून चालत नाही, ते खाते थेट लाभ हस्तांतरणासाठी नोंदलेले असावे लागते. एका आधारवर असे एकच खाते नोंदलेले असते आणि पैसे तिथेच जातात, म्हणून शाळेच्या काळातल्या जुन्या खात्यात रक्कम पडून राहिल्याची उदाहरणे मी पाहिली आहेत. शेवटचे म्हणजे, पोर्टलवर अर्ज सादर झाला की काम संपले असे मानू नये. महाविद्यालयाच्या नोडल अधिकाऱ्याने, म्हणजे शिष्यवृत्तीचे काम सोपवलेल्या अधिकाऱ्याने, तो ऑनलाइन तपासून पुढे पाठवल्याशिवाय तो जागचा हलत नाही. मुलीने छापील प्रत, बोनाफाइड आणि शुल्काची पावती घेऊन स्वतः कार्यालयात जावे आणि पडताळणी झाल्याची स्थिती पोर्टलवर दिसेपर्यंत पाठपुरावा सोडू नये.


रावपुरा

वरच्या माहितीत थोडी भर घालतो. अनुसूचित जाती, जमाती आणि इतर मागास प्रवर्गांतील विद्यार्थ्यांना गुजरातेत डिजिटल गुजरात पोर्टलवरून मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती मिळते, आणि अनुसूचित जातींसाठी उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख आहे. आपल्या मराठी कुटुंबांपुढे इथे एक खास अडचण उभी राहते. सर्वोच्च न्यायालयाने १९९० मध्ये स्पष्ट केल्याप्रमाणे, एका राज्यातून दुसऱ्या राज्यात स्थलांतरित झालेल्या व्यक्तीला अनुसूचित जाती-जमातीचे राज्यस्तरावरचे लाभ नव्या राज्यात मागता येत नाहीत. त्यामुळे कुटुंब गायकवाडी काळापासून वडोदऱ्यात आहे की नोकरीनिमित्त नंतर महाराष्ट्रातून आले, हा प्रश्न दाखल्याच्या वेळी विचारला जातो, आणि उत्तराला पुरावा लागतो. आजोबांचा किंवा पणजोबांचा इथल्या शाळेचा शाळा सोडल्याचा दाखला, जुना घरपट्टीचा उतारा, असे काही घरात असेल तर ते आधीच शोधून ठेवावे. ज्यांचे दाखले महाराष्ट्राचे आहेत, त्यांनी तिथल्या योजनांची पात्रता तपासावी, कारण इथे नाकारले गेले म्हणजे सगळीकडेच नाकारले गेले, असे नसते.


शोधछात्रा (प्रतापगंज)

सुरसागरताई, आपल्या भाच्यासाठी लिहिते. एमएपासून पुढे चित्र बदलते, आणि मानसशास्त्राला कोणी विचारत नाही हे म्हणणे तिथे सपशेल चुकीचे ठरते.

तो पहिल्या वर्षाला आहे, म्हणून त्याने याच वर्षी विद्यापीठ अनुदान आयोगाच्या पदव्युत्तर राष्ट्रीय शिष्यवृत्तीसाठी अर्ज करावा. देशात दर वर्षी १०,००० विद्यार्थ्यांना वर्षातले दहा महिने दरमहा १५,००० रुपये, याप्रमाणे दोन वर्षे ती मिळते, म्हणजे एकूण तीन लाख रुपये होतात. निवड पदवीच्या गुणांवर होते, प्रवेशाच्या वेळी वय ३० च्या आत असावे लागते, अभ्यासक्रम नियमित असावा लागतो, आणि दूरस्थ किंवा ऑनलाइन एमएला ती लागू नाही. हीदेखील राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवरच भरायची असते. दुसऱ्या वर्षात गेल्यावर नव्याने अर्ज करता येत नाही, म्हणून त्याला आजच सांगा.

त्यानंतरची मोठी संधी म्हणजे नेट, म्हणजेच राष्ट्रीय पात्रता परीक्षा, आणि तिच्यातून मिळणारी कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती, म्हणजेच जेआरएफ. मानसशास्त्र हा नेटमधला ०४ क्रमांकाचा स्वतंत्र विषय आहे, आणि इथे आपल्या विद्यार्थ्याची स्पर्धा फक्त मानसशास्त्राच्याच विद्यार्थ्यांशी होते. परीक्षा वर्षातून दोनदा, जून आणि डिसेंबरच्या सत्रांत होते. पहिला पेपर ५० प्रश्नांचा आणि सर्व विषयांना समान, दुसरा १०० प्रश्नांचा आणि विषयाचा, दोन्ही मिळून तीन तास, आणि चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत. १ जानेवारी २०२३ पासून जेआरएफची रक्कम पहिली दोन वर्षे दरमहा ३७,००० आणि वरिष्ठ अधिछात्रवृत्ती झाल्यावर दरमहा ४२,००० रुपये आहे. पाच वर्षांचा हिशेब केला तर घरभाडे भत्ता आणि आकस्मिक खर्चाची रक्कम सोडूनही ती २४ लाख रुपये होते. इतर कोणत्याही शिष्यवृत्तीपेक्षा या एका परीक्षेच्या तयारीत घातलेला वेळ अधिक फळतो, असे माझे ठाम मत आहे. मात्र वयाची मर्यादा सर्वसाधारण गटातील पुरुषांना ३० वर्षांची आहे, तर महिला, राखीव प्रवर्ग आणि दिव्यांगांना पाच वर्षांची सवलत आहे.

जेआरएफ थोडक्यात हुकले तरी सगळे संपत नाही. गुजरातेतल्या विद्यापीठांत पीएचडी करणाऱ्यांसाठी राज्य सरकारची शोध नावाची योजना आहे, तिच्यातून दोन वर्षे दरमहा १५,००० आणि वर्षाला २०,००० रुपये आकस्मिक खर्चासाठी मिळतात. भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषदेच्या डॉक्टरल अधिछात्रवृत्तीत दरमहा २०,००० रुपये असतात, आणि मानसशास्त्र त्या परिषदेच्या कक्षेत येते. आपल्या मुलीला भावंड नसेल आणि ती पुढे पीएचडीपर्यंत गेली, तर एकुलत्या एक मुलींसाठी विद्यापीठ अनुदान आयोगाची सावित्रीबाई जोतीराव फुले अधिछात्रवृत्ती आहे, तीही तिने मनात ठेवावी. मेंदू आणि आकलनप्रक्रियांकडे ओढा असणाऱ्यांसाठी विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने २००८ मध्ये सुरू केलेला आकलनविज्ञान संशोधन उपक्रम आहे. त्यातल्या प्रकल्पांमध्ये सहायकांच्या पगारी जागाही निघतात.


समुपदेशक (वडोदरा)

मी शाळा आणि रुग्णालय अशा दोन्ही ठिकाणी काम केलेले आहे, म्हणून पारितोषिकांविषयी आणि क्लिनिकल मार्गाविषयी लिहितो.

इंटरनेटवरच्या ज्या याद्यांचा आपण उल्लेख केला, त्या बहुतेक अमेरिकेच्या असतात. साय काय ही तिथली मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांची १९२९ पासूनची मानाची संस्था आहे. तिची पारितोषिके आणि संशोधन अनुदाने तिच्या सदस्यांसाठी असतात, आणि सदस्यत्व आपल्या विद्यापीठात तिची शाखा असण्याशी बांधलेले असते. आपल्या मुलीने त्यांत वेळ घालवू नये. इथे तिला दोन गोष्टी साधता येतील. पहिली म्हणजे विद्यापीठाचे सुवर्णपदक. देणगीदारांच्या निधीतून दिली जाणारी ही पदके पदवीदान समारंभात मिळतात, त्यांच्याबरोबर येणारी रक्कम थोडी असली तरी पुढच्या प्रत्येक अर्जात ते पदक बोलते. कोणते पदक कोणत्या परीक्षेच्या कोणत्या विषयातल्या गुणांवर दिले जाते, याची यादी विभागात पहिल्याच वर्षी विचारून घ्यावी, कारण काही पदकांना सर्व सत्रांत एकाच प्रयत्नात उत्तीर्ण होण्याची अट असते. दुसरी म्हणजे परिषदेत वाचलेला शोधनिबंध. इंडियन अकॅडमी ऑफ अप्लाइड सायकॉलॉजी ही १९६२ पासूनची आणि नॅशनल अकॅडमी ऑफ सायकॉलॉजी ही १९८९ पासूनची संघटना वार्षिक अधिवेशने भरवते. पदवीच्या शेवटच्या वर्षातला प्रकल्प नीट केला, विदा (संशोधनाची आकडेवारी व माहिती) प्रामाणिकपणे गोळा केली आणि मार्गदर्शकांच्या संमतीने तो अशा अधिवेशनात मांडला, तर पुढे पीएचडीच्या मुलाखतीत त्याचे वजन पडते.

साहित्याच्या खर्चाची आपली काळजी मात्र थोडी हलकी करता येईल. बुद्धिमत्ता आणि व्यक्तिमत्त्व मापनाच्या चाचण्यांचे संच विभागाच्या प्रयोगशाळेत असतात, ते विद्यार्थ्याने विकत घ्यायचे नसतात. बाजारात त्यांच्या स्वस्त झेरॉक्स मिळतात, त्या कधीही घेऊ नयेत. चाचणीतले प्रश्न लोकांना आधीच ठाऊक झाले की ती चाचणी निकामी होते, आणि शिवाय तो स्वामित्वहक्काचा भंग आहे.

खरी आर्थिक ओढाताण क्लिनिकल प्रशिक्षणाच्या टप्प्यावर होते, आणि त्याविषयी मला फार वाईट वाटते. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १०.६ टक्के प्रौढांना त्या वेळी मानसिक विकार असल्याचे आढळले, आणि आजारानुसार त्यांतले ७० ते ९२ टक्के लोक उपचारांवाचून राहत असल्याचे दिसले. एवढी गरज असताना, क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट घडवणाऱ्या अभ्यासक्रमांतल्या जागा थोड्या आहेत, खासगी संस्थांतले शुल्क मोठे आहे, आणि प्रशिक्षण पूर्णवेळ असल्यामुळे नोकरी करता येत नाही. मध्यमवर्गीय घरांतली हुशार मुले नेमकी इथेच मागे फिरतात. मानसिक आरोग्यासाठीच्या बंगळुरूच्या निम्हान्ससारख्या केंद्रीय संस्थांत प्रशिक्षणकाळात विद्यावेतन मिळते, म्हणून भाच्याने प्रवेश परीक्षांसाठी पहिली निवड अशाच सरकारी संस्थांची ठेवावी. कुठेही शुल्क भरण्यापूर्वी तो अभ्यासक्रम भारतीय पुनर्वसन परिषदेच्या त्या वर्षीच्या मान्यताप्राप्त यादीत आहे का, हे परिषदेच्या संकेतस्थळावर स्वतः पाहावे, संस्थेच्या जाहिरातीवर विसंबू नये. परिषदेच्या नोंदवहीत नाव लागल्याशिवाय क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून काम करता येत नाही, आणि हे अभ्यासक्रम सध्या बदलत्या अवस्थेत आहेत.

परदेशाविषयी एकच गोष्ट लिहितो. आपल्या शहराने १९१३ साली बाबासाहेब आंबेडकरांना कोलंबिया विद्यापीठात पाठवले, ते दरमहा साडेअकरा पौंडांच्या तीन वर्षांच्या शिष्यवृत्तीवर, आणि परतल्यावर बडोदा संस्थानची दहा वर्षे नोकरी करण्याचा करार त्यांनी केला होता. आजच्या परदेशी शिष्यवृत्त्यांतही अशा अटी असतात, त्या अर्जापूर्वी वाचाव्यात. ब्रिटिश सरकारची चेवनिंग घेणाऱ्याला अभ्यासक्रमानंतर दोन वर्षे मायदेशी राहावे लागते, आणि अर्जापूर्वी सुमारे दोन वर्षांचा कामाचा अनुभव लागतो. १८९२ पासूनचा जे. एन. टाटा एंडोमेंट निधी मिळाला तर तो कर्जरूप असतो, म्हणजे रक्कम फेडावी लागते.


सुरसागर (वडोदरा)

आपण सर्वांनी इतक्या आपुलकीने लिहिलेत, त्याबद्दल मनापासून आभारी आहे. मुलगी आणि भाचा दोघांनाही हे सगळे वाचून दाखवले. मुलीच्या आधारवर आडनावाचे स्पेलिंग खरोखरच वेगळे निघाले, त्यामुळे ती दुरुस्ती आधी करून घेत आहोत. भाच्याचा एक प्रश्न आहे, की त्याने आधी नेट द्यावी की आधी क्लिनिकलच्या प्रवेश परीक्षांची तयारी करावी, कारण दोन्ही एका वर्षात झेपतील असे त्याला वाटत नाही. तसेच त्याचे शिक्षण गुजराती माध्यमातून झाले असल्याने नेटचा पेपर कोणत्या भाषेत येतो, हेही त्याला जाणून घ्यायचे आहे.


शोधछात्रा (प्रतापगंज)

मानसशास्त्राचा पेपर इंग्रजी आणि हिंदी या दोन भाषांतच येतो, गुजरातीत किंवा मराठीत नाही. त्यामुळे त्याने संज्ञा आतापासून इंग्रजीतूनच पक्क्या कराव्यात, मात्र संकल्पना समजून घेण्यासाठी गुजराती पुस्तके वाचायला काहीच हरकत नाही. आधी नेट की आधी क्लिनिकल, याचे उत्तर अभ्यासक्रमातच आहे. विकृतिमानसशास्त्र, मानसमापन, संख्याशास्त्र, व्यक्तिमत्त्वाचे सिद्धान्त आणि शारीर मानसशास्त्र हे भाग नेटलाही लागतात आणि क्लिनिकलच्या प्रवेश परीक्षांनाही, तेव्हा मूळ तयारी एकच ठरते. एमएच्या शेवटच्या वर्षात असलेल्यांना नेटला बसता येते, म्हणून त्याने पुढच्या वर्षी दुसऱ्या वर्षात असतानाच जूनचे किंवा डिसेंबरचे सत्र द्यावे आणि क्लिनिकलचे अर्जही त्याच वर्षी भरावेत. फक्त एक लक्षात ठेवावे, की जेआरएफचे पत्र ठरावीक काळापुरतेच ग्राह्य असते आणि क्लिनिकल प्रशिक्षण पूर्णवेळ असते. दोन्हींत यश आले तर कोणते आधी स्वीकारायचे, हे पत्रावरची मुदत पाहून आणि ज्यांच्या हाताखाली पीएचडी करायची आहे त्या मार्गदर्शकांशी बोलूनच ठरवावे.